तिकीटखिडकीतली रीक

माझी थोरली बहीण रीक गेली बावीस वर्षं सेंट्रल स्टेशनसमोरच्या धक्क्यावर, कालव्यांतून फिरवणाऱ्या बोटींची तिकिटं विकते. खिडकी दीड हात रुंद. तिच्या आत रीक, बाहेर सगळं जग. पाच भाषांत तिला एकच वाक्य येतं: दोन मोठे, दोन लहान, धक्का डावीकडे, बोट दर अर्ध्या तासाने. स्वतः ती त्या बोटीत एकदाच बसली होती, नोकरीच्या पहिल्या दिवशी, आणि तेव्हाही तिला डुलकी लागली होती. ॲमस्टरडॅमच्या माणसाने ॲमस्टरडॅम बघायला पैसे का मोजायचे, असं ती म्हणायची. मलाही ते पटतं.

रीक कधीच फार बोलकी नव्हती. आमच्या घरातलं बोलणं सगळं माझ्या वाट्याला आलं, असं आमची आई म्हणायची आणि ते कौतुकाने म्हणत नसे. पण रीकची एक गंमत होती. खिडकीत बसून ती येणाऱ्या कुटुंबाकडे एकदा बघायची आणि कोण कुणावर रुसलंय ते ओळखायची. संध्याकाळी घरी येऊन वेसेलला सांगायची, आज एक नवरा बायकोपासून चार हात लांब उभा राहून तिकीट घेत होता. वेसेल तिचा एकुलता एक मुलगा. नवरा फार लवकर सोडून गेला, म्हणजे मेला नाही, निघून गेला. त्यामुळे आई आणि मुलगा दोघंच, आणि दोघांचं फार छान होतं.

गेल्या नोव्हेंबरात वेसेल गेला. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवा झाला तो उठलाच नाही. मेंदूतली शीर फुटली म्हणाले डॉक्टर. छत्तीस वर्षांचा होता.

अंत्यविधीच्या दिवशी रीक दारात उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली: कोट डावीकडे, कॉफी आत, केक कॉफीशेजारी. मी तिला दोनदा ओढून खुर्चीत बसवलं, दोनदा ती उठून दारात गेली. डोळ्यांत टिपूस नाही. आठव्या दिवशी ती खिडकीत कामावर हजर. तेव्हापासून ती घरीसुद्धा खिडकीतल्यासारखीच बोलते. विचारलं तेवढंच उत्तर, ते बरोबर, आणि पुढचा माणूस येऊ दे.

वेसेलची बायको हिल्के हे विसरू शकली नाही. ती उत्तरेकडच्या ड्रेंथ प्रांतातली, शेतावर वाढलेली, तिथली माणसंही काही गळ्यात पडून रडणारी नाहीत. पण कोट डावीकडे हे तिला लागलं. तिने मला विचारलं होतं, तुझी बहीण माणूस आहे की खिडकी? मला उत्तर देता आलं नाही, आणि मला उत्तर न येणं म्हणजे काय ते माझ्या ओळखीच्यांना विचारा. जानेवारीत हिल्के ॲमस्टरडॅमशेजारच्या झानडामचं घर सोडून दोन्ही मुलींना घेऊन तिकडे आस्सेनला आईवडिलांकडे गेली. आधी या मुली दर दुसऱ्या शनिवारी रीककडे राहायला यायच्या. ते बंद झालं. रीकने फोनही केला नाही. का नाही केलास विचारलं तर म्हणाली, काय बोलू?

रीकला जगात आता त्या दोन मुलीच उरल्या होत्या, आणि त्याही हातातून चालल्या होत्या. तिला स्वतःला ते कळत होतं की नाही, देव जाणे. मला कळत होतं. म्हणून मी मध्ये पडले.

निमित्त चालून आलं. थोरली मिर्थे, वय वर्षं दहा, हिला शाळेत वर्गासमोर भाषण द्यायचं होतं आणि तिने विषय घेतला होता आपली राजधानी. इथे जन्मली, झानडामला वाढली, पण राजवाडा काही आतून पाहिलेला नाही. मी हिल्केला फोन केला की शरदाच्या सुट्टीत एक दिवस या, पर्यटकांसारखं सगळं बघू, रीकलाही घेऊ. हिल्केने स्वतःच तारीख सांगितली, सुट्टीचा पहिला शनिवार. त्या दिवशी वेसेल सदतीसचा झाला असता.

"घरात बसून तो दिवस जाणार नाही," हिल्के म्हणाली. "पण टोस, एक अट आहे. वाढदिवसाचं कुणी काही बोलायचं नाही. केक नाही, अभिनंदन नाही. मुलींनाही मी तेच सांगितलंय."

आमच्याकडे वाढदिवस म्हणजे नुसता ज्याचा असतो त्याचा नसतो. त्याच्या आईचं अभिनंदन, बायकोचं अभिनंदन, भावाचं, शेजाऱ्याचं, आणि खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्यांवर जो कोण बसला असेल त्याचंही. दारातून आत शिरायचं, एका टोकाने सुरुवात करायची आणि हात मिळवत दुसऱ्या टोकाला पोचायचं. दुसऱ्या देशांत असं करत नाहीत म्हणे. मग तिथे आईने काय नुसतं केक कापायचा? तेरा वर्षं ह्या तारखेला रीक हिल्केच्या गालांवर तीन पापे घेऊन 'वेसेलबद्दल अभिनंदन' म्हणत आली होती. आता ते म्हणायचं नव्हतं. मी रीकला अट सांगितली, तिने मान हलवली. मी हेही सांगितलं की दिवस बरा गेला तर हिल्के मुलींना सुट्टीत तुझ्याकडे ठेवेल, तसं ती अर्धंमुर्धं बोललीय. तेव्हा जरा माणसासारखी वाग. त्यालाही तिने मान हलवली. वर्षभर ती सगळ्यालाच मान हलवत होती.

शनिवारी दहा वाजता आम्ही दोघी पाण्यापलीकडच्या नूर्ड भागातून फेरीबोटीने स्टेशनवर आलो. आस्सेनची गाडी वेळेवर होती. हिल्के बारीक झाली होती. धाकटी फेन्ना, सहा वर्षांची, धावत येऊन रीकच्या कमरेला बिलगली आणि रीकने तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे ठेवला, तो हलला नाही. हिल्केने ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि घाईघाईने सगळ्यांना बाहेर काढलं.

आधी दाम चौकातला राजवाडा. मिर्थेने वही काढली आणि आजीला विचारलं की ओमा, हा राजवाडा जमिनीखाली किती लाकडी खांबांवर उभा आहे? रीकने पटकन सांगितलं, तेरा हजार सहाशे एकोणसाठ. वर्षाचे दिवस घ्यायचे, पुढे एक, मागे नऊ. हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेत शिकवतात, वेसेलला तिनेच पाठ करून घेतलं होतं, पायऱ्यांवर बसून. आता सांगताना तिच्या आवाजात ना वेसेल होता ना पायऱ्या. हिल्केने मान दुसरीकडे वळवली. मिर्थेने आकडा लिहून घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला.

संगमरवरी दालनात जमिनीवर दोन्ही गोलार्धांचे नकाशे आहेत. फेन्ना त्यांवर उड्या मारत होती. मी म्हटलं, रीक, हिला आपलं गाव दाखव ना. रीक खाली बघून म्हणाली की ह्या नकाशात ते दिसणार नाही. खरं होतं ते. पण अशा वेळी खरं कोण बोलतं?

मग हेरिंगच्या गाडीवर. कच्चा मासा, बारीक चिरलेला कांदा. फेन्नाने मासा शेपटीला धरून मान मागे टाकली आणि वरून तोंडात सोडला. हे तिला तिच्या बापाने शिकवलेलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. अटच तशी होती. रीकने तिचा मासा तुकडे करून काडीने खाल्ला, सगळा खाल्ला, कागद घडी करून डब्यात टाकला. चव कशी होती विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पुलावर फेन्नाने तिचा हात धरला. रीक त्या हाताकडे अशी बघत राहिली, जणू कुणाची तरी छत्री आपल्याकडे राहिलीय, ती कुठे द्यायची. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी हलवलंही होतं एकदा, फेब्रुवारीत, तिच्या स्वयंपाकघरात. ती हलली आणि पुन्हा तशीच उभी राहिली.

वेस्टर चर्चच्या मनोऱ्याखाली मुली घंटा ऐकत होत्या तेव्हा हिल्के माझ्याजवळ आली. आवाज अगदी साधा ठेवून म्हणाली, "पाच चाळीसच्या गाडीने आम्ही तिघी परत जाऊ. तू प्रयत्न केलास, टोस. पण हिच्याकडे मी पोरी ठेवणार नाही. त्यांना घरी एक बाप नाही तेवढं पुरे."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे दोघींचंही जळत होतं आणि एकीला दुसरीचं दिसत नव्हतं. चार पावलांवर रीक उभी होती, तिने ऐकलं असावं. तिने घड्याळात बघितलं आणि सांगितलं की बोट तीनला आहे.

बोट माझ्या यादीत शेवटी होती, कारण रीकला नोकरीमुळे फुकट पास मिळतो. सगळं मी ठरवलं होतं, रांगा, खाणं, पाऊस आला तर थांबायची जागा. पण माशी शिंकली ती डॉल्फमुळे. डॉल्फ हा त्या बोटींवरचा सर्वांत जुना कप्तान, भला माणूस, आणि त्याचाही वाढदिवस त्याच तारखेला. रीकला हे बावीस वर्षं ठाऊक होतं. सकाळी त्याचा केक धक्क्यावर, संध्याकाळी वेसेलचा घरी, असा तिचा दर वर्षीचा क्रम होता. मला ती बोलली नाही. नंतर मी जाब विचारला तर म्हणाली, तू विचारलंस का?

तिकीटखिडकीमागे एक लहान खोली आहे. आम्ही धक्क्यावर पोचलो आणि त्या खोलीच्या दारात डॉल्फ हातात कागदी बशी घेऊन उभा. रीकला, हिल्केला, मुलींना बघून तो कानापर्यंत लाल झाला. वेसेलचाही वाढदिवस आजच, हे त्याला आठवत होतं. तो बशी पाठीमागे लपवायला लागला. पण सानेम म्हणून एक पोरगी वसंतापासून रीकबरोबर खिडकीत बसते, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने आनंदाने हाक मारली की रीक, आलीस? ये ना, केक उरलाय, तुझे लोकही येऊ देत. आणि आम्ही आत होतो. खुर्च्या गोल मांडलेल्या. दारापासून सुरुवात.

रीकने सुरुवात केली. सानेमचा हात हातात घेतला, डॉल्फबद्दल अभिनंदन. डॉल्फची बायको आन्स, तिचे तीन पापे, डॉल्फबद्दल अभिनंदन. दोर सांभाळणारा रेमको, डॉल्फबद्दल अभिनंदन. खुद्द डॉल्फ. मग आम्ही आत येऊन भिंतीला टेकलो होतो, तर तिने आम्हालाही सोडलं नाही. मी, मिर्थे, फेन्ना. प्रत्येकीचा हात, प्रत्येकीला तेच. तिचा चेहरा खिडकीतला होता. दोन मोठे, दोन लहान, धक्का डावीकडे. शेवटी ती हिल्केपाशी आली. तिचे खांदे धरले, उजव्या गालावर, डाव्या, पुन्हा उजव्या.

"वेसेलबद्दल अभिनंदन," रीक म्हणाली.

खोलीत सगळे जिथल्या तिथे थांबले. आन्सचा काटा केकमध्ये रुतून राहिला. मला वाटलं, झालं, उरलंसुरलंही गेलं. रीकला स्वतःला आपण काय बोललो ते दोन क्षणांनी कळलं असावं, कारण हिल्केच्या खांद्यांवरचे हात तिने काढले नाहीत, पण बोटं उघडली.

"तुझंही, रीक," हिल्के म्हणाली. "तुझ्या मुलाबद्दल."

तिलाही ते सुचून आलेलं नव्हतं. तोंडाला सवय असते, तोंड उत्तर देतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मिर्थे आईला म्हणाली, "तू म्हणाली होतीस आज म्हणायचं नाही." आरोप नव्हता तिच्या बोलण्यात. ती दहा वर्षांची मुलगी सकाळपासून तोंड बंद ठेवून फिरत होती आणि तिला फक्त नियम बदलला का ते हवं होतं.

"हो, म्हणाले होते," हिल्के म्हणाली. "आता म्हण."

मग मिर्थेने म्हटलं. आधी आईला, मग आजीला, मग मला. फेन्नाने तर वर्तुळच पुन्हा फिरून काढलं, सानेमला, रेमकोला, आन्सला, बाबाबद्दल अभिनंदन, बाबाबद्दल अभिनंदन. सानेमला तोवर काहीतरी उमगलं होतं, ती बिचारी हात पुढे करून नुसती मान हलवत होती. डॉल्फने आपला थोराड पंजा त्या इवल्या हाताभोवती मिटला आणि धन्यवाद म्हणाला, आणि मग म्हणाला की तुझा बाबा आणि मी, दर वर्षी एकमेकांना हात करायचो, धक्क्यावरून. मी रडले. मला लाज नाही. रीकच्या डोळ्यांत अजूनही काही नव्हतं.

तीनची बोट डॉल्फच चालवत होता. हिल्के आणि रीक एका बाकावर बसल्या. मी मुलींना घेऊन त्यांच्या मागच्या बाकावर. मिर्थे काचेबाहेर बघत वहीत घरांचे नक्षीदार माथे काढत होती, फेन्ना डॉल्फने बांधून दिलेला केक खात होती. ध्वनिफितीतला माणूस चार भाषांत सांगत होता की ही घरं सतराव्या शतकातली. मी ऐकत नव्हते. माझे कान पुढच्या बाकावर होते, आणि त्याचीही मला लाज नाही.

तिसरा पूल मागे पडला. मग हिल्के म्हणाली, "सकाळपासून मला वाटत होतं तू विसरलीस."

"तूच म्हणालीस बोलायचं नाही."

"मीच म्हणाले. आणि तू ते इतकं नीट पाळलंस की मला तुझा संताप येत होता."

रीक खाली स्वतःच्या हातांकडे बघत होती. "मला रडू येत नाही, हिल्के," ती म्हणाली. तिकिटाची वेळ सांगावी तसंच सांगितलं. "लोकांना वाटतं मी आवरते. मी आवरत नाही, आत काही नाहीच. कांदे चिरून पाहिले. पाणी येतं, पण ते कांद्याचं."

मला माझ्या सख्ख्या बहिणीने हे अकरा महिन्यांत सांगितलं नव्हतं. मी तिला हलवलं होतं, रागावले होते, तिच्यासाठी दिवस ठरवले होते. विचारलं मात्र नव्हतं. विचारलं तेवढंच ती सांगते हे मला ठाऊक असूनही.

"माझं रडू एप्रिलमध्ये थांबलं," हिल्के म्हणाली. "एके दिवशी उठले आणि नव्हतं. आई फार बघत असते माझ्याकडे. मग मी जाऊन तोंड धुऊन येते, डोळे जरा चोळते. तिला वाटतं रडून आले. तिला बरं वाटतं."

रीकने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पूर्वी खिडकीतून बघायची ना माणसांकडे, कोण कुणापासून किती लांब उभं आहे ते, तसं. ती सांत्वनाचं काही बोलली नाही. तिला येत नाही ते, आधीही येत नव्हतं. ती बाकावर थोडी सरकली, दोघींचे कोट एकमेकांना लागले आणि तशाच त्या बसून राहिल्या. बोट एका अरुंद पुलाखालून गेली, आत अंधार झाला आणि पुन्हा उजेड आला.

"बुधवारपर्यंत ठेवशील मुलींना?" हिल्केने विचारलं.

"ठेवीन."

"मी कपडे आणलेले नाहीत त्यांचे."

"कपाटात आहेत. झोपायचे, आणि दोन स्वेटर. मागच्या वर्षीचे." रीकने जरा विचार केला. "आखूड होतील."

"होऊ देत," हिल्के म्हणाली.

रीक हिशेबाला लागली, मला दिसत होतं. दूध आहे, अंडी घ्यावी लागतील, खाट एकच आहे पण रुंद आहे. मग ती म्हणाली, "फेन्ना पावाच्या कडा अजून काढून ठेवते का?"

"मला नको विचारू. ती मागे बसलीय."

रीक बाकावरच वळली. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, दिवसभर होता तसाच, पांढरा आणि सपाट. तिने फेन्नाला विचारलं की तू पावाच्या कडा अजून काढून ठेवतेस का?

फेन्नाने तोंडातला केक गिळला. "आता खाते मी कडा," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून खाते. तू फोन केला असतास तर सांगितलं असतं. मी वाट बघत होते."

मी काहीतरी म्हणून ते सावरून घ्यायला तोंड उघडलं. रीकने हात वर करून मला थांबवलं.

"हो," ती नातीला म्हणाली. "मी नाही केला फोन. मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं."

फेन्नाने यावर नीट विचार केला. "कडांचं विचारायचं," ती म्हणाली.